गुंडी जेवली

तपासनीस हे त्यांचं नाव नव्हतं, हुद्दा होता. पण कापड गिरणीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली तरी शेजारीपाजारी त्यांना तपासनीसच म्हणत. गिरणीत त्यांचं काम एकच होतं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्यातली खोट त्यांनी पकडायची. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, विरळ वीण. त्यांनी खडूची रेघ ओढली की तो तुकडा बाद, आणि ज्याच्या मागावर तो विणला गेला त्याची मेहनत पाण्यात. माणसं हात जोडत, घरची अडचण सांगत. तपासनीस ऐकून घेत आणि पुढचं कापड ओढत. एकदा ओढलेली रेघ त्यांनी कधी पुसली नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता.

घरीही ते तसेच वागले. मुलगा लहान होता तेव्हा एकदा सकाळी कान दुखतोय म्हणून रडायला लागला. परीक्षेचा दिवस होता. तपासनिसांनी त्याला खिडकीशी नेलं, कानाची पाळी ओढून आत पाहिलं, काहीही झालेलं नाही, अभ्यास केला नाही म्हणून ही नाटकं आहेत, असं म्हणाले आणि शाळेत पाठवून दिलं. तो घरी आला तेव्हा शर्टाच्या कॉलरवर पू होता. कानाचा पडदा फाटला होता. डावा कान कायमचा गेला.

तो मुलगा आता लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला होता. आई वारल्यावर वडिलांना तो आपल्याकडे घेऊन आला होता. लोक त्याला सज्जन म्हणत, आणि तो होताही. वडिलांचे कपडे, औषधं, चष्मा, कशाला कमी पडू दिलं नाही. कानाचा विषय घरात कधी निघाला नाही. फक्त जेवायला बसताना तो खुर्ची अशी धरायचा, की वडील डाव्या हाताला येतील.

ससा आला तो नातीच्या हट्टापायी. नातीला घरात टिकली म्हणत. वाढदिवसाला तिने दुसरं काही मागितलंच नाही. पांढरीशुभ्र सशीण, आणि नाकाच्या शेंड्यावर शर्टाला लावावी तशी काळी गोल गुंडी. म्हणून तिचं नाव गुंडी. बाहेरच्या खोलीत ती वायरी कुरतडेल, आतल्या खोलीत लोकर उडेल, तेव्हा पिंजरा आजोबांच्या खोलीत ठेवायचं ठरलं. सूनबाई म्हणाली, बाबा दिवसभर घरीच असतात, त्यांनाही तेवढीच सोबत. बाबांना कोणी विचारलं नाही. खिडकीजवळची त्यांची खुर्ची कपाटाशेजारी सरकवली गेली आणि खिडकीजवळ पिंजरा आला.

आधी त्यांनी वासाची तक्रार केली, मग केसांची. मग तक्रार करायचा कंटाळा आला आणि ते बघायला लागले. बघण्याशिवाय त्यांना दुसरं काही येतही नव्हतं. महिन्याभरात गुंडी कधी उठते, कुठल्या कुशीवर पसरते, सुकं गवत ओढताना मान कुठे वळवते, सगळं त्यांना पाठ झालं. टिकली शाळेतून आली की ते तिला दिवसभराची हकिकत सांगत. तीही मांडी घालून ऐके. दोघांचं त्या काळात बरं जमलं होतं.

त्यामुळे बिघाड पहिल्यांदा त्यांनाच दिसला. गुंडी गवताकडे जायची, एक काडी तोंडात धरायची, दोनदा चावायची आणि ठेवून द्यायची. भूक नाही असं नव्हतं, कारण ती पुन्हा पुन्हा जायची. कोथिंबिरीची मऊ पानं खायची, गाजराचा तुकडा मात्र तोंडातून निसटायचा. मग हनुवटीखालची लव ओली दिसू लागली. पुढच्या पायांची आतली बाजूही चिकट झाली होती, कारण ती सारखं तोंड पुसत होती. ट्रेमधल्या लेंड्या बारीक आणि वेड्यावाकड्या झाल्या.

तपासनिसांना हे ओळखायला वेळ लागला नाही, याला आणखी एक कारण होतं. त्यांचंही तसंच चाललं होतं. जिभेच्या कडेला एक जखम झाली होती, ती भरत नव्हती. कवळी लावली की तिथे सुरी फिरल्यासारखं व्हायचं. पानातला घास उचलायचा, तोंडाशी न्यायचा आणि पुन्हा ठेवायचा, असं त्यांचं कित्येक दिवस सुरू होतं. रात्री लाळेने उशी ओली होत होती.

एका रात्रीच्या जेवणात त्यांनी दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या. गुंडीच्या तोंडात काहीतरी टोचतंय, तिला दाखवायला हवं. आणि माझीही जीभ दुखते आहे. टिकलीने ताट तसंच टाकलं आणि पिंजऱ्याकडे पळाली. सूनबाई मागोमाग गेली, हनुवटी चाचपून आली आणि मोबाईलवर दवाखाना शोधायला लागली. मुलगा जेवत राहिला. मग म्हणाला, "दातच नाहीत तर दुखतंय काय?"

टिकलीला आतून ते ऐकू गेलं. ती खुदकन हसली. तपासनीसही थोडं हसले.

दुसऱ्या दिवशी मुलाने रजा टाकली आणि सगळे प्राण्यांच्या दवाखान्यात गेले. गाडीत टोपली मांडीवर घट्ट धरून बसायला कोणीतरी हवं होतं, म्हणून तपासनिसांनाही नेलं. डॉक्टर तरुण होता, बोलायला शांत. त्याने गुंडीला टॉवेलात गुंडाळलं, तोंडात बारीक दिव्याची नळी घातली आणि टिकलीलाही आत बघू दिलं. सशाचे दात जन्मभर वाढतात, तो म्हणाला. सुकं गवत भरपूर चघळलं तर झिजतात, नाहीतर दाढांना काटे फुटतात आणि ते जिभेत किंवा गालात रुततात. गुंडीच्या जिभेला अशीच चीर पडली होती. भूल देऊन काटे घासून टाकले की ती खाईल, असं तो म्हणाला.

मग त्याने विचारलं, कोणाच्या लक्षात आलं? टिकलीने आजोबांकडे बोट दाखवलं.

"नशीब समजा," डॉक्टर म्हणाला. "ससा ओरडत नाही. रानात दुखणं दाखवलं की कोणीतरी उचलून नेतं. त्यामुळे तो शेवटपर्यंत बरा असल्याचं सोंग करतो."

गुंडीने खाणं एकदम बंद केलं, ट्रे कोरडा राहिला, कान गार लागले, पाठीचं कुबड काढून कोपऱ्यात बसली, किंवा दात करकर वाजवायला लागली, तर एक तासही वाट बघायची नाही, असं त्याने बजावलं. आतडी एकदा थांबली की ससा दिवसभरात जातो. टिकलीने सगळं दोनदा म्हणून पाठ केलं. तपासनिसांना एकदा ऐकणं पुरलं.

गुंडीला आत नेलं. सूनबाई आणि मुलगा काउंटरवर होते, टिकली पोपटाच्या पिंजऱ्यापाशी रमली होती. डॉक्टर हात धूत होता. तपासनीस त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, जरा माझ्याही तोंडात बघाल का? डॉक्टर म्हणाला, आजोबा, मी माणसांचा डॉक्टर नाही. तपासनिसांनी तोवर कवळी काढून रुमालात ठेवली होती. त्या पोरसवदा माणसाला नाही म्हणवेना. त्याने दिवा घेतला, जीभ कापसाने धरून बाजूला केली, आणि त्याचा चेहरा बदलला. तपासनीस आयुष्यभर दुसऱ्यांपुढे तोच चेहरा करत आले होते, त्यामुळे त्यांना तो कळला.

नेमका तेव्हाच मुलगा आत आला. त्याचा बाप सशाच्या टेबलाशी वाकून, तोंड वासून उभा होता आणि दारातून कुत्रेवाले, मांजरवाले बघत होते. डॉक्टरने मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की यांना आजच्या आज मोठ्या दवाखान्यात दाखवा, हे साधं दिसत नाही. मुलाने मान डोलावली. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "जनावरांच्या डॉक्टरपुढे आ वासून उभे राहिलात. लाज काढायची तरी किती."

तो प्रसंग पुढे घरात गाजला. कोणी पाहुणे आले की सूनबाई रंगवून सांगायची. तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, तिला खरंच गंमत वाटायची. बाबांनी कशी कवळी काढली, डॉक्टर कसा गोरामोरा झाला. टिकली आजोबांची नक्कल करून दाखवायची. पाहुणे पोट धरून हसायचे आणि तपासनीस त्यांच्यात बसलेले असायचे.

गुंडी सुधारली. सूनबाईने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करायला सुरुवात केली. टिकली सकाळ-संध्याकाळ कान हातात धरून गरम आहेत ना बघायची. गवत बदललं, दाणे कमी केले, पुन्हा तपासायला नेलं. तपासनिसांचं मात्र आज-उद्यावर राहिलं. मुलाकडे लिफ्टच्या तक्रारी वाढल्या होत्या, मग टिकलीची परीक्षा आली, मग सूनबाईला सर्दी झाली. त्यांनी पुन्हा आठवण केली तेव्हा मुलाने नवी कवळी करून घेऊ असं सांगितलं. तिसऱ्यांदा केली तेव्हा तो हातातला पाना खाली न ठेवता, वर न बघता म्हणाला, "दाखवा इकडे. उजेडात या." त्याने बापाला खिडकीशी नेलं, आत जेमतेम पाहिलं आणि म्हणाला, "काही झालेलं नाही. नाटकं आहेत."

तपासनिसांना ते शब्द ओळखीचे वाटले, पण कुठले ते आठवायला रात्र गेली. आठवल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

सुट्टी लागली तशी सूनबाईच्या बहिणीकडे जायचं ठरलं. जेमतेम दोन दिवसांचं जाणं. तपासनिसांना प्रवास झेपत नव्हता आणि गुंडीला एकटं ठेवता येत नव्हतं, तेव्हा दोघं एकमेकांना सोबत झाली. सूनबाईने मऊ भात करून ठेवला. टिकलीने दवाखान्याचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून पिंजऱ्यावर चिकटवला. खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला सांगून ठेवलं, की आजोबांनी बोलावलं तर गुंडीला लगेच न्यायचं. निघताना टिकलीने आजोबांच्या गळ्यात हात टाकले आणि काही झालं तर लगेच फोन करायचा, असं वचन घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस उठले तर गुंडी कोपऱ्यात होती. गवत रात्री टाकलं तसंच होतं. ट्रे कोरडा होता. पाठ कुबडासारखी वर आली होती, डोळे अर्धे मिटलेले होते. ते वाकले तेव्हा तो आवाज ऐकू आला, बारीक, करकर, दातावर दात. त्यांनी हात आत घालून कान धरला. गार होता.

त्यांनी लगेच फोन उचलला. हे नीट सांगायला हवं, कारण नंतर घरात कोणी ते ध्यानात घेतलं नाही. त्यांनी टॅक्सीवाल्याला हाक मारली नाही, दवाखान्याचा नंबर फिरवला नाही, आधी मुलाला फोन केला, कारण घरातला निर्णय मुलाने घ्यायचा असं त्यांना वाटे. पलीकडे गलका होता, कोणीतरी गाणं म्हणत होतं. मुलगा हॅलो म्हणाला नाही. त्याने विचारलं, "आता काय दुखतंय?"

तपासनिसांच्या तोंडात शब्द तयार होते. 

"बाबा, दोन दिवस तरी आम्हाला सुखाने राहू द्या," मुलगा म्हणाला.

"काही नाही," तपासनीस म्हणाले. "सहज केला होता." आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी खुर्ची कपाटापासून उचलून पिंजऱ्यासमोर आणली आणि बसले. दुसऱ्या खोलीत जाता आलं असतं. डोळे मिटून पडता आलं असतं. ते बसून राहिले आणि एखादा कापडाचा तागा सरकत जावा तसं जे समोरून जात होतं ते बघत राहिले. दुपारकडे गुंडीने पोट जमिनीला घट्ट दाबलं. थोड्या वेळाने जागा बदलली, पुन्हा दाबलं. श्वास भराभर चालत होता. खालून टॅक्सीवाल्याच्या रेडिओचा आवाज येत होता, म्हणजे तो घरात होता. तपासनिसांनी भात खायचा प्रयत्न केला, तो गेला नाही. त्यांना गुंडीचा राग नव्हता. आपल्या जिभेला लागलेली ठणक आणि समोरची ती करकर एकाच वेळी चालली होती, आणि घरात दोघांशिवाय कोणी नव्हतं. एकदा पिंजऱ्याचं दार त्यांनी उघडलं. गुंडी कशीबशी बाहेर आली, फरशीवरून सरकत त्यांच्या पायांशी आली आणि पावलाला टेकून बसली. त्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. टिकली होती. मावशीकडच्या झोपाळ्याचं सांगितलं, मग विचारलं, "आजोबा, गुंडी जेवली?"

गुंडी त्यांच्या समोर आडवी झाली होती. अजून जिवंत होती.

"जेवली," ते म्हणाले.

"कान गरम आहेत?"

"आहेत."

तिने फोनमध्येच गुंडीसाठी पापी दिली आणि ठेवला. अंधार पडायच्या आत गुंडीने दोनदा पाय झाडले आणि संपली. तपासनिसांनी तिला उचलून पिंजऱ्यात ठेवलं आणि दार लावलं.

मंडळी परतल्यावर टिकली चपलाही न काढता आत धावली. तिने किंकाळी वगैरे फोडली नाही. मागोमाग सूनबाई गेली. ती रडत बाहेर आली आणि सासऱ्यांना म्हणाली, बाबा, हे असं अचानक कसं झालं? प्रश्नातच तिने उत्तर देऊन ठेवलं होतं. अचानक झालं, मी झोपलो होतो, कळलंच नाही, काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एकेक करून सगळं सांगितलं. सकाळी ट्रे कोरडा होता. कान गार होते. कुबड काढलं होतं, दात वाजत होते. दुपारी पोट दाबत होती.

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?" सूनबाईने विचारलं.

"दिसलं होतं."

"मग फोन का नाही केलात?"

"केला होता," ते म्हणाले आणि मुलाकडे पाहिलं.

मुलाचा चेहरा पांढरा पडला. सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. मुलगा पुढे आला. त्याला मारायचं होतं की काय कोण जाणे, हात वर आला होता. तो तसाच खाली घेऊन म्हणाला, "माझ्यावरचा राग त्या मुक्या जिवावर काढलात."

"तू कोणावर काढलास?" बाप म्हणाला.

दोघांना वाटलं हिशेब इथे पुरा झाला. पण टिकली दारात उभी होती. गुंडी तिच्या छातीशी होती, ताठ झालेली.

"पण मला तुम्ही जेवली म्हणालात," ती म्हणाली. "मी विचारलं होतं ना. मी तर विचारलं होतं."

 मुलाला देण्यासारखं उत्तर तपासनिसांकडे होतं, सुनेलाही देता आलं असतं. हिच्यासाठी काही नव्हतं. ती वळून गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.  तपासण्या झाल्या, तुकडा काढून पाठवला गेला. जे निघायचं तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी मुलाला विचारलं की इतके दिवस कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही. मुलगा म्हणाला, ते काही बोललेच नाहीत. तपासनीस शेजारीच बसले होते. त्यांनी ते खोडून काढलं नाही.

अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागली. त्यानंतर त्यांना बोलता येईना, नुसते घशातून आवाज निघत, आणि ते ऐकायला बरे वाटत नसत म्हणून ते गप्प राहू लागले. नाकातून नळी घातली होती. सूनबाई तिच्यातून पातळ पेज सोडायची, स्वच्छता ठेवायची, वेळ चुकवायची नाही, आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघायची नाही. मुलगा कामावरून आल्यावर दारातून डोकावून जायचा. बाहेरच्यांना तो सांगायचा, बाबांचं आमच्या परीने करतोय. ते खरंच होतं. पाहुण्यांना सांगायची ती गंमत मात्र बंद झाली होती.

टिकलीने खोलीत पाऊल टाकायचं सोडलं होतं. समोरून जायची वेळ आली तर भिंतीकडे तोंड करून जायची. आईने समजावून पाहिलं, बापाने एकदा दटावलंही. तिने ऐकलं नाही.

मग एका संध्याकाळी, शाळेचं दप्तर पाठीवर तसंच, ती दारात येऊन उभी राहिली. तपासनीस उशीला टेकून बसले होते. दुखणं थांबवायच्या औषधाची वेळ झाली होती आणि सूनबाई अजून दुकानातून आली नव्हती. त्यांनी हात पुढे केला. ती आत आली नाही.

"आजोबा, दुखतंय?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. हो.

"खूप?"

हो.

"बरं," ती म्हणाली, आणि खेळायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळी आली, तेच विचारलं, उत्तर घेतलं आणि गेली. तिसऱ्या दिवशीही. तिच्या आवाजात राग नव्हता, दया तर नव्हतीच. एखादी वस्तू जागेवर आहे ना हे बघून जावं, तसं ती बघून जायची. शाळा सुटायची वेळ झाली की तपासनीस उशीवर सावरून बसू लागले आणि दाराकडे डोळे लावू लागले. घरात तो प्रश्न त्यांना दुसरं कोणी विचारत नव्हतं.